अक्का, तुला बसू दिलं नाही

अक्का, कुपवाडच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. डोक्यावरून पदर, डोळे मिटलेले, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ध्यानमग्न माउली'. तुझ्या उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी मी साताऱ्याहून एसटीनं आलो, स्टँडवरून रिक्षा केली, चौकात उतरलो आणि तो फ्लेक्स बघून जागच्या जागी उभा राहिलो. रिक्षावाल्याला वाटलं मला रडू येतंय. मला तो फाडून टाकावासा वाटत होता. तो फोटो कुठून आणि कशासाठी काढला होता, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तू जाऊन एकवीस दिवस झाले. इकडं साताऱ्यात कॉलनीतले लोक भेटायला येतात, म्हणतात, हवालदार, बहीण पुण्यवान होती तुमची. मी मान हलवतो आणि चहा होईपर्यंत गप्प बसतो. तुझ्यापुढं गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून हे लिहितोय. माझ्यात दुःख आहे, पण त्याहून संताप जास्त आहे. त्यातून मी स्वतःला वगळलेलं नाही.

सुरुवात मीच केली होती, आठवतं? लडाखहून सुट्टीवर आलो होतो आणि तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून गप्पा मारत होतो. तू भाकरी थापत होतीस. मी तुला तिथल्या गोंपाची गोष्ट सांगितली. आम्ही दहा-बाराजण बूट वाजवत आत शिरलो, तर खिडकीजवळ एक म्हातारा लामा बसलेला. पापणीही हलली नाही त्याची. आमचे सुभेदारसाहेब एरवी नुसतं बोलले तरी बराकीचे पत्रे हलायचे, पण त्यांनी टोपी काढली आणि आम्हाला हळू आवाजात बाहेर व्हायला सांगितलं. मीही टोपी काढली. तो माणूस दिवसातले कितीतरी तास असाच बसतो, असं आम्हाला नंतर कळलं. तू भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "त्येंच्या चुलीचं कोन बघतं रं?"

मी हसलो. म्हणालो, पाळ्या असतील त्यांच्या. तू म्हणालीस, "मग जमत आसंल."

पलटणीत परत गेल्यावर मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. माझी बहीण बघा कशी, लामाची गोष्ट सांगितली तर चुलीचं विचारते. सगळे हसले. आता ते हसू आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तू हळदीच्या पॅकिंगला जात होतीस त्या वेळी. दुपारी अर्धा तास सुट्टी. दळायची मशीन बंद व्हायची, जेवायला दहा मिनिटं पुरायची, उरलेली वीस मिनिटं तुझी. शमशादभाभी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागं चटई टाकून नमाज पढायच्या आणि नमाज झाली तरी उठायच्या नाहीत. हातात तसबीह, म्हणजे जपाची माळ, ओठ मिटलेले. त्यांच्या वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं, नाव जिभेवर घेऊ नको, श्वासावर घे. पद्माक्का जैन, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातल्या. घरी सामायिक करायच्या, दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात उठायचं नाही, रागवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. कारखान्यात एवढा वेळ कुठला, म्हणून भिंतीकडं तोंड करून मिळेल तेवढं बसायच्या. तू त्या दोघींच्या मध्ये पहिल्यांदा बसलीस ती राखण म्हणून. कुणी येऊन त्यांना हटकू नये, एवढ्यासाठी. मग एक दिवस तूही डोळे मिटलेस.

फोनवर मी तुला विचारलं होतं, कुठला मंत्र म्हणतेस? तू म्हणालीस, "मी काय बी म्हनत न्हाई. श्वास येतो, जातो. हाळदीचा वास येतो. मशीन बंद आसती. मला तेवढं लय झालं."

मी तुला शहाणपण शिकवलं. म्हणालो, नुसतं बसणं म्हणजे ध्यान होत नाही, त्याला गुरू लागतो, पद्धत लागते. कशाच्या जोरावर सांगितलं मी हे? कारण तोवर मी रिटायर होऊन साताऱ्यात आलो होतो आणि कॉलनीच्या बागेत सकाळी ध्यानाला जायला लागलो होतो. आम्ही पंधरा-वीस माजी सैनिक. गुडघे दुखतात म्हणून खुर्च्या मांडलेल्या. एक सुभेदार मेजर सांगतात, भुवयांच्या मध्ये लक्ष ठेवा. आम्ही ठेवतो, दोघं-तिघं घोरतात. मग घरी येतो तर पोहे तयार, पेपर टेबलावर. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही की दत्ताजीराव, तुम्हाला काय होतंय, डोळे मिटून का बसता? उलट बायको पाहुण्यांना कौतुकानं सांगते, हे रोज ध्यान करतात.

तुझं मात्र तसं झालं नाही. कारखाना बंद पडला, तुम्ही तिघी घरी बसलात. मग आठवड्यातून तीन दिवस शमशादभाभींच्या पुढच्या खोलीत जमायला लागलात, दुपारी तीनला. वारा यावा म्हणून दार उघडं. जेमतेम अर्धा तास. दाजीही फौंड्रीतून रिटायर होऊन दिवसभर घरात असायचे, आणि तीन ही त्यांच्या चहाची वेळ. पहिली तक्रार चहाचीच होती. दुसरी आली ती तू घरीही बसायला लागलीस तेव्हा. दाजींनी हाक मारली आणि तू डोळे उघडले नाहीस. पुन्हा मारली, तरी नाही. तू ऐकत होतीस, नंतर तूच मला सांगितलंस. पण ती पाच मिनिटं तुला तुझी हवी होती.

तर तुला विश्रामबागेत मनाच्या डॉक्टरकडं नेलं. लामा तासनतास बसला तर आमच्या टोप्या उतरल्या, जैन मुनी बसले की लोक पाया पडतात, दर्ग्यात कुणी डोळे मिटून बसला तर त्याच्यापुढून जातानाही लोक पाय न वाजवता जातात. आणि माझी बहीण पाच मिनिटं बसली तर तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुला झोप कशी लागते, जेवण जातं का, एवढं विचारलं आणि दाजींना म्हणाले, यांना काही झालेलं नाही, तुम्ही का आणलंत? ही गोष्ट दाजींनी मला डॉक्टरवर चिडून सांगितली होती. मीही डॉक्टरवरच चिडलो होतो.

मग तो फोटो. गल्लीतल्या कुणीतरी उघड्या दारातून मोबाईलवर काढला. तू पदर घेऊन बसलेली, शेजारी शमशादभाभी ओढणी घेऊन, दोघींचे डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, यांच्या आया कुठं जाऊन काय शिकतायत बघा. तो फिरत फिरत तुझ्या मुलाच्या, संतोषच्या, मोबाईलवर आला. तो वर्कशॉपमधून दुपारीच घरी आला आणि मोबाईल तुझ्यापुढं आपटला. दाजींनी मला फोन केला. म्हणाले, "तुमी या. तुमचं ऐकती ती."

मी आलो. तू ओट्यापाशी मेथी निवडत होतीस. मी उभा राहूनच बोललो, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासारखा. दिवस कसले आहेत, पोराला कामावर तोंड दाखवायचंय, गल्ली काय म्हणेल, सगळं बोललो. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "दत्ता, तू लामाच्या म्होरं टोपी काढलीस. माज्या म्होरं काय काढाय आलाईस?"

ते वेगळं होतं, मी म्हणालो.

"काय येगळं व्हतं?"

मी आवाज चढवला. तू मेथीची जुडी खाली ठेवलीस. "तुज्या दाजींना मी बसल्याचा तरास न्हाई. हाक मारल्यावर मी उठत न्हाई, त्येचा तरास हाय. शमशादचं घर हे निमित्त हाय रं. मी देवळात बसली आसती तरी तीन वाजता च्या लागलाच आसता."

हे खरं आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनसुद्धा मी गळ्याला हात लावला आणि म्हणालो, "माज्या गळ्याची शप्पथ हाय तुला. पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं न्हाई." तू माझ्या हाताकडं बघत राहिलीस. "बरं," म्हणालीस. माझ्यासाठी भाकरी केलीस. आणि निघताना शमशादभाभींचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालायला लावलास. कवा गरज पडली तर, म्हणालीस. मी संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला आलो आणि बायकोला सांगितलं, प्रकरण मिटवून आलो. ती गॅस बंद करून आतल्या खोलीत निघून गेली.

दोन वर्षांनी तुझ्या पोटात गाठ निघाली. उशीर झालेला होता. शेवटचे अकरा दिवस मी हॉस्पिटलमध्ये तुझ्याजवळ होतो. चौथ्या दिवशी तू विचारलंस, "शमशादला कळवलंस?" मी म्हणालो, कळवतो. दाराशी संतोष उभा होता. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. नंबर माझ्या खिशात होता, अक्का. मी सीमेवर राहिलेला माणूस आहे, आणि भाच्याच्या तोंडाकडं बघून मी एक फोन केला नाही.

तू गेलीस तेव्हा माहेरचं हिरवं लुगडं मीच घातलं तुझ्यावर. जमलेल्या बायका म्हणत होत्या, अहेव गेली, नशीबवान. या बाईच्या नशिबात काय होतं ते मला विचारा, असं ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. तेव्हाही नाही.

उत्तरकार्याला मांडव, खुर्च्या, माईक, सगळं होतं. एक वक्ते आले होते, त्यांनी तुला आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, माउली तासनतास ध्यानाला बसत, घरातली माणसं त्यांचा ध्यानभंग होऊ नये म्हणून पावलंसुद्धा वाजवत नसत. दाजी मान खाली घालून ऐकत होते. मग संतोषनं माईक घेतला. आईनं आम्हाला ध्यानाचा वारसा दिला, म्हणाला. म्हणता म्हणता त्याला हुंदका आला. खोटा नव्हता अक्का तो हुंदका, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मागं तोच फोटो होता, गल्लीतून काढलेला. शमशादभाभींना त्यातून कापून टाकलं होतं, पण तुझ्या खांद्याला टेकलेला त्यांच्या ओढणीचा काठ कापता आला नव्हता.

आणि त्या बाहेर उभ्या होत्या. शमशादभाभी आणि पद्माक्का, रस्त्याच्या कडेला, मांडवाच्या दोरीपलीकडं. चौकातला फ्लेक्स वाचून त्यांना तू गेल्याचं कळलं होतं. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं.

मी उठलो. संतोषच्या हातून माईक घेतला. भाषण मला येत नाही, तुला माहीत आहे. म्हणालो, "माझी भईन या घरात ध्यानाला बसली न्हाई. तिला कुनी बसू दिलं न्हाई. ती ज्येंच्यासंगं बसायची त्या दोघी तिकडं भाईर उभ्या हायत, आन् तिला शप्पथ घालून थांबवनारा मी हितं उभा हाय."

माईक तिथंच ठेवून मी बाहेर गेलो आणि दोघींना आत आणलं. पहिल्या रांगेतले दोघंजण उठून निघून गेले, त्यांच्या खुर्च्यांवर या दोघींना बसवलं. वक्त्यांनी घड्याळ पाहिलं. शमशादभाभींनी तुझ्या फोटोला फूल वाहिलं आणि पद्माक्का हात जोडून उभ्या राहिल्या, बराच वेळ. जेवल्या नाहीत दोघी. त्या दिवसापासून संतोष माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको मला दारापर्यंत सोडायला आली होती.

आठवड्यानं दाजींचा फोन आला. चारचौघात माझी लाज काढलीत, म्हणाले. काढली, मी म्हणालो.  मला वाटलं आता फोन ठेवतील. तर हळू म्हणाले, "ती डोळं मिटून बसली की मला वाटायचं, ही कुटं गेली. घरात हाय पन घरात न्हाई. भ्या वाटायचं. मग मी हाक मारायचो."

हे तिला कधी सांगितलंत का, मी विचारलं. "आसं कुटं बोलत्यात व्हय," म्हणाले. माझं मन जरा हललं, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवायच्या आधी त्यांनी सूनबाईला हाक मारलेली मला ऐकू आली. चहा झाला का म्हणून. मी मोबाईल बंद केला.

काल गुरुवारी मी शमशादभाभींकडं गेलो. पद्माक्काही आल्या होत्या. तीच पुढची खोली. दार आता लावून घेतात, त्या फोटोपासून. मला खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली. मला वाटत होतं या बाया मला बोलतील. बोलायला हवं होतं. मी म्हणालो, भाभी, माझ्यामुळं तिचं बसणं सुटलं. त्यांनी पद्माक्कांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "सुटलं कुटं? तिनं फोन करून सांगितलं आमाला. दत्तानं शप्पथ घातलीया ती या घरात यायची न्हाई म्हनून. बसायची न्हाई आसं काय तो बोलला न्हाई."

मग कळलं. तू गच्चीवर बसायचीस. पाण्याच्या टाकीमागं, जिथं तीनच्या उन्हात हातभर सावली पडते. खाली सांगायचीस, वाळलेले कपडे काढून आणते. त्याच वेळी या दोघी इथं बसायच्या, आठवड्यातून तीन दिवसांऐवजी आता रोज. दोन वर्षं.

माझी शपथ तू मोडली नाहीस आणि मलाही जुमानलं नाहीस. खुर्चीत बसल्या बसल्या मला तुझा अभिमान वाटला. पण लगेच ते ऊन आठवलं. साठीची बाई, जिनं त्या घरातल्या सगळ्यांची पोटं भरली, ती वीस मिनिटं स्वस्थ बसायला कपड्यांचं निमित्त करून टाकीमागं लपते. आणि तिच्याच फोटोखाली आम्ही माउली लिहितो. बसल्यानं राग निवतो असं आमचे सुभेदार मेजर सांगतात. माझा निवलेला नाही, अक्का. या रागानं निदान मला उठून माईक घ्यायला लावलं. तो माझ्याजवळ राहिलेला बरा.

निघताना मी विचारलं, शेवटी ती आजारी होती हे तुम्हाला कधी कळलं? पद्माक्का म्हणाल्या, "कळलंच न्हाई ओ. फोन लागंना. म्हटलं, आसंल कामात. आमी रोज तीनला बसायचो. ती बी तिकडं बसली आसंल म्हनून."

म्हणजे ते अकराही दिवस त्या बसत होत्या. येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून तेच मोजत होतो. हॉस्पिटलमध्ये दुपारी जेवणाची ताटं गेली की तू डोळे मिटून घ्यायचीस. चेहरा अगदी शांत, श्वास इतका हळू की दिसायचा नाही. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण तीनचा चहा घेऊन पोऱ्या यायचा तीच वेळ ती. आणि रोज मी घाबरायचो, वाटायचं गेलीस. मी खांदा हलवून तुला हाक मारायचो, अक्का.

आणि तू रोज डोळे उघडलेस. एकदाही मला दुसरी हाक मारावी लागली नाही.